पानथरीतली गाठ आणि बाटलीतला खडा

आमच्याकडे कॅन्सरला कॅन्सर म्हणत नाहीत. 'तसलं' म्हणतात. "त्येंना तसलं झालंय," असं म्हणायचं आणि ओठ आत ओढून घ्यायचे. गेली पंधरा वर्षं मी सांगलीत हे तसलंच बघण्याचं काम करते. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काढतात ते माझ्याकडे बरणीत येतं. मी ते कापते, त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि तसलं आहे की नाही ते लिहून देते. आमच्या भावकीच्या लेखी मात्र मी 'रक्त-लघवी तपासणारी'. लग्नकार्यात बायका मला कोपऱ्यात घेऊन शुगरचे आकडे सांगतात. खरा डॉक्टर म्हणजे ज्याच्या गळ्यात नळी असते आणि जो सुई टोचतो. मी कुणाला सुई टोचत नाही, म्हणून मी अर्धी.

हो, तक्रारच आहे ही. पण पुढे जे घडलं त्यात ही अर्धी डॉक्टर सगळ्यांत जास्त शिकलेली होती, आणि सगळ्यांत मोठं गाढवपण तिनंच केलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कडेगावजवळच्या आमच्या गावात राहतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून परत आले, त्यालाही सोळा-सतरा वर्षं झाली. थोरला भाऊ, दादा, ऊस बघतो आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ले देतो. आप्पांना कुणाचा सल्ला लागत नाही. पहाटे उठायचं, दाढी करायची, पाटाच्या कडेनं चालून यायचं. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी एसटीनं एकटेच साताऱ्याला जायचं आणि येताना कंदी पेढ्यांचा पुडा आणायचा. एवढीच त्यांची चैन.

दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेचं मटण खाल्ल्यावर त्यांच्या पोटात कळ आली. जत्रेनंतर निम्म्या गावाच्या पोटात कळ येते आणि ती सोड्यानं जाते. आप्पांचीही दुसऱ्या दिवशी गेली. पण तोवर वहिनीनं त्यांना तालुक्याला नेऊन सोनोग्राफी करून आणली होती. कळ गेली आणि कागद राहिला. कागदावर लिहिलं होतं की पित्ताशय स्वच्छ, मूत्रपिंडं ठीक, प्लीहेत साडेचार सेंटिमीटरची गाठ. आणि खाली ते वाक्य: 'गंभीर आजाराची शक्यता नाकारता येत नाही.'

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. लिहिणाऱ्याला कशाचीच शक्यता नाकारता येत नसते. उद्या कृष्णा उलटी वाहणार नाही, हेही तो लिहून देणार नाही. मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा लिहिलंय, म्हणून त्याची लायकी मला ठाऊक आहे. त्यात लिहिणारा सुटतो आणि वाचणारा अडकतो.

प्लीहा म्हणजे डाव्या बरगडीखाली बसलेला, रक्त गाळणारा मुठीएवढा अवयव. गावाकडे तिला पानथरी म्हणतात. पूर्वी हिवतापात पानथरी सुजायची, म्हणून जुन्या माणसांना हा शब्द माहीत आहे. नव्यांना आपल्या अंगात असं काही आहे याचाही पत्ता नसतो. पानथरीत गाठ दिसली की डॉक्टर आधी कॅन्सरच धरून चालतात, एकतर रक्तपेशींचा किंवा दुसरीकडून पसरून आलेला. पण काही गाठी निव्वळ निरुपद्रवी असतात. फार क्वचित सापडतात. फोटोत बघाल तर कॅन्सरच वाटावा अशा, आणि आत काही नाही. वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव. अशा गाठींची नावं मला परीक्षेपासून पाठ आहेत, पण इतक्या वर्षांत प्रत्यक्ष पाहिल्या होत्या दोन.

तो कागद घेऊन दादा सांगलीला माझ्याकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी मी गावी गेले. आप्पा रानात गेल्याचं बघून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. दादा, वहिनी, आई आणि मी.

"आप्पास्नी कळता कामा न्हाई," दादानं सुरुवातच अशी केली. "धसक्यानंच जात्याल."

"अठ्ठावीस वर्षं सरहद्दीवर काढलेला माणूस," मी म्हणाले, "सोनोग्राफीच्या कागदानं जाईल?"

"गोळीचं येगळं असतंय. तसल्याला वाघासारकी माणसं भित्यात."

आईनं पदर डोळ्याला लावला. वहिनी म्हणाली, "मग सांगायचं काय त्यास्नी? ऑपरेशन तर करायलाच लागंल." आणि मग तिनंच तोड काढली. "पित्ताचा खडा हाय म्हणून सांगू."

खडा हा आमच्या भागातला मानाचा आजार आहे. ज्याचा खडा काढतात त्याला डॉक्टर तो छोट्या बाटलीत घालून देतात, आणि ती बाटली घरच्या शोकेसमध्ये, ट्रॉफ्या आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या मधोमध विराजमान होते. पाहुणा आला की चहाच्या आधी बाटली. कुणाचा खडा चिंचोक्याएवढा, कुणाचे एकवीस निघाले, यावरून माणसं एकमेकांना खाली पाडतात. त्यामुळे खडा म्हटलं की कुणाला संशय येत नाही, उलट हेवा वाटतो.

आमच्याकडे माणसापासून त्याचाच आजार लपवण्याला माया म्हणतात. सगळी भावकी मिळून करते, सराईतपणे करते, आणि आजारी माणूस मरेपर्यंत एकटा अंदाज बांधत बसतो. या प्रकाराला मी आयुष्यभर नावं ठेवली. दवाखान्यात कुणाचा मुलगा येऊन "रिपोर्टमध्ये दुसरं काय तरी लिवा, डॉक्टर" असं म्हणाला की मी त्याला दारातूनच घालवते. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी काय म्हणाले? म्हणाले, "खडा बरा आहे. पटण्यासारखा आहे."

आप्पांना सांगितलं. ते हातपाय धुऊन आले होते, टॉवेलनं तोंड पुसता पुसता त्यांनी ऐकून घेतलं. "खडा? बरं," एवढंच म्हणाले.

मिरजेतल्या एका सर्जनना मी चांगली ओळखते. त्यांनी काढलेलं माझ्याकडेच तपासायला येतं, आणि ते गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत म्हणून मला ते आवडतात. त्यांनी आणखी फोटो काढायला सांगितले. पुण्याला नेऊन आप्पांना त्या मोठ्या यंत्रातूनही काढलं, ज्यात कॅन्सर असेल तर ती जागा उजळते. गाठ उजळली. फार नाही, थोडी. थोडी उजळणं हे सगळ्यांत वाईट. नीट घाबरताही येत नाही आणि नीट सुटताही येत नाही.

"खड्याला येवढं मोठं मशीन?" परतीच्या वाटेवर आप्पांनी विचारलं.

"आता नवीन पद्धत आलीय," दादा म्हणाला. खोटं बोलताना दादाचा आवाज ग्रामसभेत बोलल्यासारखा मोठा होतो.

सर्जननी सगळे फोटो उजेडावर धरून बघितले. म्हणाले, "सौम्यही असू शकते. दिसायला वाईट आहे, पण गाठीच्या कडा बघा, फार शहाण्या आहेत. सुई घालून तुकडा घ्यावा तर पानथरी रक्ताळ, आणि एवढ्याशा तुकड्यावर तुम्ही तरी काय सांगणार?" हे मला उद्देशून होतं, आणि खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "पूर्वीची एखादी सोनोग्राफी आहे का? कितीही जुनी चालेल. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर आपण हात लावायचा नाही. वाईट गाठी वर्षानुवर्षं एका मापात बसून राहत नाहीत."

"आप्पा दवाखान्याची पायरी चढलं न्हाईत कवा," दादा छाती पुढे काढून म्हणाला.

मीही मान हलवली.

"तरी पेशंटला एकदा विचारून घ्या," सर्जन म्हणाले.

आम्ही बहीण-भावानं एकमेकांकडे बघितलं. विचारणार कसं? खडा पित्ताशयात, उजवीकडे. पानथरी डावीकडे. तिचं नाव काढलं असतं तर आप्पांना संशय आला असता. आम्ही विचारलं नाही. जगातला एकुलता एक माणूस ज्याला हे विचारायला हवं होतं, त्यालाच तेवढं आम्ही विचारलं नाही, कारण आमची त्याच्यावर माया होती.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बरणीबरोबर एक फॉर्म येतो. त्यात 'पूर्वीचा आजार' अशी एक ओळ असते. ती ओळ कोरी ठेवून कुणी फॉर्म पाठवला तर मी परत पाठवते. नवीन डॉक्टर मुलं मला त्यासाठी टरकून असतात. "पेशंटला तोंड दिलंय ना देवानं, त्याला विचारा," हे माझं वाक्य ती माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

ऑपरेशन ठरलं, आणि कुणी कुणाला सांगितलं देव जाणे, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. खड्याला एवढी माणसं येत नाहीत. बिस्किटांचे पुडे, केळी, नारळ. येऊन बसायचं, आप्पांकडे बघायचं आणि सुस्कारा सोडायचा. काही जण तर आप्पांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत, जणू फोटोला खिळा कुठं ठोकायचा ते ठरवत होते. तासगावची आत्या, आप्पांची धाकटी बहीण, बेदाण्यांची पिशवी घेऊन आली. त्यांचं बेदाण्याचं शेड आहे, तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर बेदाणाच असतो. तिनं पिशवी आप्पांच्या मांडीवर ठेवली आणि हुंदका दिला.

"रक्त वाढतंय ह्येनं," ती म्हणाली. "खडाच हाय म्हणत्यात न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"खडाच असू दे रं देवा," म्हणून ती मोठ्यानं रडायला लागली.

"अगं खडाच हाय, तर रडतीस का?" आप्पा म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला झाला तवा तर गावभर बाटली नाचवत हिंडलीस."

वहिनीनं आत्याला आत नेलं. आप्पा एकेक बेदाणा तोंडात टाकत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नाही. पेशींत काय दडलंय ते मी काचेवर ओळखते. समोर बसलेल्या माणसाचं तोंड वाचायची वेळ आली की मला दुसरं काम आठवतं.

पानथरी काढायची असेल तर दोन आठवडे आधी काही लसी टोचाव्या लागतात, कारण ती गेल्यावर काही जंतूंपुढे शरीर उघडं पडतं. आप्पांना मी त्या टोचवून आणल्या. फौजेत आयुष्यभर लसी टोचून घेतलेला माणूस बाही खाली करत म्हणाला, "खड्याला लस असती व्हय?" मी म्हणाले, "सध्या सगळ्यांनाच देतात." ते हसले. मला वाटलं, पटलं.

सर्जनचा एक नियम आहे, पेशंटशी स्वतः बोलल्याशिवाय ते हत्यार उचलत नाहीत. मी त्यांना म्हणाले, "मी डॉक्टर आहे आणि मुलगीही आहे. मी समजावते त्यांना." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी केलेली ही एकच चूक मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "बोललात?" मी म्हणाले, "हो."

मग संमतीचा फॉर्म आला. ऑपरेशनचं नाव त्यावर इंग्रजीत, ठसठशीत अक्षरांत. आप्पांना इंग्रजी वाचता येतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इंग्रजीतले हुकूम वाचले आहेत.

"माझा चष्मा कुठं गेला?" त्यांनी उशीजवळ चाचपलं.

"घरी राहिला असेल. सही इथं करा आप्पा," मी बोट ठेवलं.

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. सकाळी त्यांच्या उशाजवळून उचलून मीच टाकला होता. आप्पांनी माझ्या बोटाकडे बघून, खाली रेघ मारून, नेहमीसारखी सरळ सही केली.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी पानथरी माझ्याकडे बरणीत आली, बरोबर फॉर्म. पूर्वीचा आजार: नाही. अक्षर माझंच होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायला मी तयार नव्हते. या भागात माझ्याइतकं चांगलं कापणारं दुसरं कुणी नाही असं माझं मत होतं, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. मी ती मधोमध कापली. आत गाठ होती, लालसर तपकिरी गोळे एकमेकांना खेटून बसलेले आणि त्यांच्या मधून पांढऱ्या चिवट रेषा. बघता क्षणीच मी सुरी खाली ठेवली. कॅन्सर असा नीटनेटका नसतो.

दुसऱ्या दिवशी काच हातात आली. गोळे म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते, मधे जुना व्रण असावा तसे धागे. मारक असं काही नाही. या गाठीचं इंग्रजी नाव चार लांबलचक शब्दांचं आहे, ते उच्चारून होईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो. खात्रीसाठी मी काचा पुण्याला माझ्या जुन्या शिक्षकांकडे पाठवल्या, त्यांनी वेगवेगळे रंग चढवून बघितल्या आणि तेच म्हणाले. निरुपद्रवी. माझी तिसरी. मी सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकून रडले. आनंदानं रडले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज पुढच्याची वाटते.

पुण्याच्या उत्तराची वाट न बघता माझा पहिलाच रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्यात गेले तेव्हा आप्पा टेकून बसले होते. दादा घामाघूम होऊन बाहेर आला. "खडा मागायल्यात," तो कुजबुजला. "सकाळपासनं तीनदा इचारलं. बाटली दावा म्हणत्यात."

याचा विचार आम्ही केला नव्हता. एवढं बेमालूम कारस्थान, आणि खड्याचा खडा कुणाच्या लक्षात नाही. दादा म्हणाला, "गावातनं कुणाचा तरी आणू का? शेजाऱ्याच्या शोकेसात हाय." मी म्हणाले, "काही नको." माझ्या लॅबमध्ये खडे काय कमी आहेत? कपाटात बरण्याच्या बरण्या भरल्या आहेत. मी गेले आणि भाजी निवडावी तसे खडे निवडले. फार मोठा नको, फार बारीक नको, सुभेदाराला शोभेल असा. गुळगुळीत, हिरवट काळा, शेंगदाण्याएवढा. बाटलीत घातला आणि आप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून हलवली.

"ह्यो माझा?"

"तुमचाच."

"झकास हाय," ते म्हणाले आणि बाटली उशीखाली ठेवली.

तसंच निभावून नेलं असतं. आमच्या घरात अशी कैक खोटी निभावून लोक सुखानं मेले आहेत. पण पानथरी नसलेल्या माणसाला ताप आला तर तो साधा ताप नसतो. काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. ताप आला की लगेच गोळी घ्यायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, आयुष्यभर. हे ज्याचं त्याला माहीत हवं. खड्याच्या पेशंटला हे कसं सांगणार? सर्जननीही घरी सोडताना मला सांगितलं, "तापाचं त्यांना पुन्हा एकदा नीट बजावून सांगा." पुन्हा एकदा, असं म्हणाले ते.

मी दादाला बाहेर बसवलं आणि आप्पांना सगळं सांगितलं. खडा नव्हता. पानथरीत गाठ होती. आम्हाला तसलं वाटलं. तसलं नाही. पण पानथरी काढली.

आप्पांनी पायावरची चादर सारखी केली.

"लिंबाएवढी?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं..."

"डाव्या अंगाला, वरच्या टोकाला?"

मी मान डोलावली.

"ती व्हय," आप्पा म्हणाले. "ती माझ्याजवळ पेन्शनीत आल्यापासनं हाय."

घरी आल्यावर त्यांनी मला त्यांची हिरवी फौजी पेटी उघडायला लावली. गणवेश, पदकं, आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. चौदा सोनोग्राफ्या. निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत गाठ दिसली होती. तिथल्या डॉक्टरनी सांगितलं होतं, रक्तवाहिन्यांची वाटते, छेडू नका, दरवर्षी माप बघा. म्हणून दर नोव्हेंबरला साताऱ्याला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात. कोरोनाच्या दोन वर्षांचे कागद तेवढे नव्हते. पहिल्या कागदावर चार पॉइंट तीन, शेवटच्या कागदावर चार पॉइंट पाच. खाली लिहिलेलं: बदल नाही, पुढील वर्षी दाखवणे.

हयातीचा दाखला कडेगावच्या बँकेतही मिळतो. त्यासाठी साताऱ्याला जावं लागत नाही. हे आमच्या घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आम्ही फक्त पेढे खाल्ले.

"सांगितलं का नाही कधी?" मी ओरडलेच. ओरडायचा हक्क मला नव्हता.

"तुझ्या आईनं जेवण सोडलं असतं. तुझ्या दादानं गाव गोळा केला असता," आप्पा म्हणाले. "आणि तू कापायला घिऊन गेली असतीस."

मग म्हणाले, "मी सांगितलं न्हाई ती माझी चूक. पर तुमी इचारायचं तरी."

तेव्हापासून आप्पांनी लपवणं सोडलं. अगदी सोडलं. बाटली त्यांनी शोकेसमध्ये पदकांच्या शेजारी मांडली. पाहुणा आला की उठून दाखवतात. आम्ही घरात असलो तर आवर्जून. "ह्यो खडा बघा. माझा न्हाई बरं का. कुणाचा हाय ते माझ्या डॉक्टर लेकीलाबी ठावं न्हाई." पाहुणा गोंधळून हसतो, दादा गोठ्याकडे जातो आणि मी कपबशा गोळा करते. आत्याला त्यांनी तो खडा तीन वेळा दाखवला. तिला अजून समजलेलं नाही. तिच्या मते तो बेदाण्यांमुळे विरघळून बारीक झालाय.

मलाही त्यांचे फोन येतात. "सकाळी दोन शिंका आल्या. लिहून घे." "संडास एकदा. पाय दुखत न्हाई." फौजेतल्या अहवालासारखं, एकेक बाब सांगून फोन ठेवतात. ही शिक्षा आहे हे मला कळतं. मी सगळं लिहून घेते.

परवा भर दुपारी फोन आला. मी काचा बघत होते. आवाज नेहमीसारखा नव्हता, दातांवर दात वाजल्यासारखा होता.

"थंडी वाजायल्या," आप्पा म्हणाले. "थर्मामीटर लावला हुता."

मी उभी राहिले. "किती आहे?"

"सांगतो. पर आदी तू सांग. तुझ्याकडनं काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

"आप्पा, ताप किती आहे?"

"तुझं झालं की सांगतो."

मला माझ्या बापाचा हट्ट माहीत आहे. आणि प्रत्येक मिनिट काय असतं तेही माहीत आहे. लॅबमधली दोन मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "सहीच्या दिवशी तुमचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता."

पलीकडून मग आप्पा खोकले.

"ठावं हाय मला. पर्समधनं दांडी दिसत हुती."

"मग सही का केलीत?"

"लेक डॉक्टर हाय म्हटलं. वाचायचं कशाला?" ते म्हणाले. "एकशे एक हाय. आता काय करू, सांग."